शंभरातलं पहिलं पुस्तक कोण ठरवतं?

आजचा भाग सगळ्यांच्या ओळखीच्या एका गोष्टीबद्दल आहे.

दर काही महिन्यांनी फोनवर एक यादी येते. 'सर्वकालीन सर्वोत्तम शंभर साय-फाय आणि फँटसी पुस्तकं.' आपण काय करतो? आधी वरची पाच नावं बघतो. मग आपलं लाडकं पुस्तक कितव्या नंबरवर आहे ते शोधत खाली जातो. ते त्र्याहत्तरावं निघालं की चिडतो, सापडलंच नाही तर आणखी चिडतो. आणि मग कुणाला न सांगता मोजतो, शंभरातली आपण किती वाचलीत. अकरा. आता आपल्याला थोडं लाजल्यासारखं होतं.

मला त्या लाजण्याबद्दल बोलायचंय. कारण त्यामागे आपण एक गोष्ट धरून चाललेलो असतो, की कुठेतरी एक खरा क्रम आहे आणि ही यादी त्याच्या जवळपास पोचली आहे. गंमत अशी की अशा याद्यांचा स्वतःचाच इतिहास आहे, जवळपास शंभर वर्षांचा. तो बघितला की कळतं, कोणत्या पुस्तकाचा नंबर कुठून आला, आणि कोण बाहेर राहिलं ते का राहिलं.

तीन नावांची यादी

सुरुवात 1926 च्या एप्रिल महिन्यात न्यूयॉर्कला होते. ह्यूगो गर्न्सबॅक नावाचे एक गृहस्थ. जन्म लक्झेंबर्गचा, धंदा रेडिओ आणि विजेच्या मासिकांचा. त्यांनी 'अमेझिंग स्टोरीज' नावाचं मासिक काढलं, फक्त विज्ञानकथांचं. आता पहिल्या अंकात गोष्टी कुणाच्या छापायच्या? या प्रकारात लिहिणारे लेखक तेव्हा अजून तयार व्हायचे होते. म्हणून गर्न्सबॅकनी तो अख्खा अंक जुन्या गोष्टींनी भरला. त्यात एडगर अ‍ॅलन पो होते, ज्यूल व्हर्न होते, एच. जी. वेल्स होते. आणि संपादकीयात सांगून टाकलं की विज्ञानकथा म्हणजे काय, तर हे तिघं लिहितात तसलं लिखाण.

झाली की नाही यादी? तीन नावांची. नंबर दिलेले नव्हते, पण वंशावळ ठरली. या प्रकारचे आजोबा कोण, ते एका मासिकाच्या संपादकाने अंक भरताना ठरवलं.

यात एक नाव नव्हतं. मेरी शेली. 'फ्रँकेन्स्टाइन' 1818 सालचं. म्हणजे व्हर्न यांच्या जन्माच्याही दहा वर्षं आधीचं. 1973 मध्ये ब्रायन आल्डिस या ब्रिटिश लेखकाने 'बिलियन इयर स्प्री' नावाचा या साहित्यप्रकाराचा इतिहास लिहिला आणि ठामपणे मांडलं की सुरुवात 'फ्रँकेन्स्टाइन'पासून धरायला हवी. आज बहुतेक जण ते मान्य करतात. पण त्यासाठी मध्ये सत्तेचाळीस वर्षं गेली.

पत्त्यांमुळे काय झालं

गर्न्सबॅकनी आणखी एक गोष्ट केली, आणि पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. त्यांच्या मासिकात वाचकांची पत्रं छापून यायची, आणि पत्राखाली लिहिणाऱ्याचा पत्ता छापलेला असायचा.

विचार करा. एका गावात एकच पोरगा हे असलं काहीतरी वाचतोय, घरचे म्हणतायत वेळ फुकट घालवतोय. आणि मासिकात त्याला दुसऱ्या गावातल्या तसल्याच पोराचा पत्ता मिळतो. ही पोरं एकमेकांना पत्रं लिहायला लागली. मग मंडळं निघाली, हाताने छापलेली छोटी मासिकं निघाली. 1939 मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं. त्यालाच आज वर्ल्डकॉन म्हणतात.

दरम्यान 'अस्टाउंडिंग' नावाच्या दुसऱ्या मासिकात जॉन डब्ल्यू. कॅम्पबेल संपादक होऊन आले होते. त्यांनी 1938 मध्ये एक सदर सुरू केलं, 'अ‍ॅनालिटिकल लॅबोरेटरी'. नाव प्रयोगशाळेचं, काम मतमोजणीचं. वाचकांनी पत्राने कळवायचं की अंकातली कोणती गोष्ट पहिली, कोणती दुसरी. पुढच्या एखाद्या अंकात निकाल. पुढे पुढे तर पहिल्या आलेल्या गोष्टीच्या लेखकाला जादा मानधनही मिळायला लागलं. म्हणजे बघा, लाईक मोजून पैसे द्यायची पद्धत आपल्या फोनच्या कितीतरी आधीची आहे.

आणि 1953 मध्ये फिलाडेल्फियाच्या संमेलनात पहिल्यांदा पुरस्कार दिले गेले. कादंबरीचा पहिला मान आल्फ्रेड बेस्टर यांच्या 'द डिमॉलिश्ड मॅन'ला मिळाला. गर्न्सबॅक यांच्यावरून या पुरस्काराला 'ह्यूगो' म्हणतात. मत कोण देतं? संमेलनाची वर्गणी भरलेले सभासद. समीक्षक नाहीत, प्राध्यापक नाहीत. वर्गणी भरा, मत द्या. हा नियम लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

1966: टॉल्किन हरले तेव्हा

आता माझा सगळ्यात आवडता प्रसंग. 1966 चं वर्ल्डकॉन क्लीव्हलँड शहरात होतं. त्या वर्षी एक खास ह्यूगो ठेवला होता, सर्वकालीन सर्वोत्तम मालिकेसाठी. शर्यतीत पाच मालिका. एडगर राइस बरोज यांची मंगळावरची 'बारसूम', ई. ई. स्मिथ यांची 'लेन्समन', रॉबर्ट हाइनलाइन यांची 'फ्यूचर हिस्टरी', आयझॅक असिमोव्ह यांची 'फाउंडेशन' आणि जे. आर. आर. टॉल्किन यांची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'.

तुम्ही म्हणाल, यात काय विचारायचं? टॉल्किनच! असिमोव्हनाही तसंच वाटत होतं. त्यांनी नंतर लिहिलंय की हा पुरस्कार टॉल्किनना देण्यासाठीच काढला असावा, अशी त्यांची खात्री होती. एक वर्ष आधी, 1965 मध्ये, अमेरिकेत 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' स्वस्त पेपरबॅकमध्ये आलं होतं आणि कॉलेजच्या पोरांनी ते डोक्यावर घेतलं होतं.

जिंकलं 'फाउंडेशन'.

का? मत देणारे कोण होते ते बघा. 'फाउंडेशन'च्या गोष्टी पुस्तक होण्याआधी 1942 ते 1950 या काळात 'अस्टाउंडिंग' मासिकात आल्या होत्या. 1942 मध्ये जो पोरगा चौदा वर्षांचा होता, तो 1966 मध्ये अडतीस वर्षांचा झाला होता. वर्गणी भरून संमेलनाला येण्याइतके पैसे आता त्याच्याकडे होते. त्याने त्या गोष्टी महिनोन्‌महिने वाट बघत वाचल्या होत्या. टॉल्किन त्याच्या त्या वयात नव्हतेच, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' 1954-55 मध्ये आलं. टॉल्किन वाचून वेडी झालेली कॉलेजची पोरं क्लीव्हलँडला फारशी नव्हती. त्यांची मतं मोजलीच गेली नाहीत.

एकतीस वर्षं पुढे या. 1997. ब्रिटनमध्ये वॉटरस्टोन्स ही पुस्तकांच्या दुकानांची साखळी आणि चॅनल फोर यांनी मिळून वाचकांना विचारलं, शतकातलं सर्वोत्तम पुस्तक कोणतं? सुमारे पंचवीस हजार लोकांनी उत्तर दिलं. पहिलं आलं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. फक्त फँटसीमध्ये नाही बरं का, सगळ्या पुस्तकांत!

साहित्याच्या वर्तुळात हलकल्लोळ झाला. अनेक समीक्षक उघडपणे नाराज झाले. काहींना शंका आली की टॉल्किनच्या चाहत्यांनी ठरवून मतं टाकली. म्हणून मग फोलिओ सोसायटी या पुस्तकप्रेमींच्या जुन्या संस्थेने आपल्या सभासदांना विचारलं. तिथेही पहिलं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च. 2003 मध्ये बीबीसीने 'बिग रीड' नावाची मोठी मोहीम काढली, साडेसात लाखांहून जास्त मतं आली. पहिलं पुन्हा तेच. दुसरं जेन ऑस्टिनचं 'प्राइड अँड प्रेज्युडिस'.

कुणी म्हणेल, सिनेमामुळे. 2003 साठी ते थोडंफार खरं असेल, तिसरा सिनेमा त्याच डिसेंबरात आला. पण 1997 मध्ये तर पहिला सिनेमाही यायला चार वर्षं होती. त्यामुळे सिनेमावर सगळं ढकलता येत नाही. माझं उत्तर साधं आहे. 1966 मध्ये कॉलेजात असलेली पोरं 1997 मध्ये पन्नाशीला टेकली होती, आणि आता त्यांना आणि त्यांच्या मुलांना मत विचारलं जात होतं. पुस्तकातला एक शब्दही बदलला नव्हता. दारातून आत आलेली माणसं बदलली होती.

मग लेखकांना विचारलं तर?

तुम्ही म्हणाल, वाचकांचं सोडा, जाणकारांना विचारू. तेही करून झालंय.

1965 मध्ये डेमन नाइट यांच्या पुढाकाराने अमेरिकेत विज्ञानकथा लेखकांची संघटना निघाली. त्यांनी स्वतःचा 'नेब्युला' पुरस्कार सुरू केला. इथे मत लेखकच देतात. मग प्रश्न आला, नेब्युलाच्या आधीच्या उत्तम कथांचं काय? त्यांना न्याय द्यायचा म्हणून सभासदांनी 1964 पर्यंतच्या कथांवर मतदान केलं. त्यातून 1970 मध्ये एक जाडजूड संग्रह आला, 'द सायन्स फिक्शन हॉल ऑफ फेम'. संपादक रॉबर्ट सिल्व्हरबर्ग. सव्वीस कथा. सगळ्यात जास्त मतं असिमोव्ह यांच्या 1941 च्या 'नाइटफॉल'ला.

संग्रह खरंच चांगला आहे. पण लेखकांची नावं वाचत जा. सव्वीस कथांमध्ये स्वतःच्या नावाने असलेली बाई एकच, ज्युडिथ मेरिल. दुसरी आहे, पण लपलेली. सी. एल. मूर या लेखिका आपले पती हेन्री कटनर यांच्याबरोबर 'लुईस पॅजेट' या पुरुषी टोपणनावाने लिहायच्या. ती जोडकथा संग्रहात आहे.

बायका चांगलं लिहीत नव्हत्या का? याचं उत्तर पाच-सात वर्षांतच मिळालं, आणि ते फार मजेशीर पद्धतीने मिळालं. त्या काळात जेम्स टिपट्री ज्युनियर नावाचे एक लेखक गाजत होते. 1974 मध्ये त्यांना ह्यूगोही मिळाला. त्यांना प्रत्यक्ष कुणी भेटलं नव्हतं, सगळा व्यवहार पत्राने. हा लेखक बाई असेल का, अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा याच सिल्व्हरबर्गनी 1975 मध्ये टिपट्रींच्या एका कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत लिहिलं की ही शंका हास्यास्पद आहे, या लिखाणात अस्सल पुरुषीपणा आहे. दोन वर्षांच्या आत बाहेर आलं की टिपट्री म्हणजे अ‍ॅलिस शेल्डन. साठी ओलांडलेल्या एक बाई, एकेकाळी सीआयएमध्ये काम केलेल्या, आणि मानसशास्त्रात डॉक्टरेट केलेल्या. सिल्व्हरबर्गनी नंतर आपली चूक मोठ्या मनाने कबूल केली.

पण यातून यादीबद्दल काय कळतं बघा. नाव झाकलेलं असताना तिला पहिल्या रांगेत जागा होती. नाव उघडं असतं तर? कुणास ठाऊक.

आणि काही पुस्तकं तर मतदानापर्यंत पोचतच नाहीत. सॅम्युअल डिलेनी हे कृष्णवर्णीय अमेरिकन लेखक. पंचविशीतच दोन नेब्युला मिळवले होते. त्यांची 'नोव्हा' ही कादंबरी मासिकात क्रमशः छापण्यासाठी कॅम्पबेलकडे गेली. डिलेनींनी पुढे सांगितलंय की कॅम्पबेलनी ती नाकारली. कारण? नायक कृष्णवर्णीय आहे, आमच्या वाचकांना तो आपला वाटणार नाही. 'नोव्हा' 1968 मध्ये पुस्तकरूपात आलीच. पण लाखभर वाचकांच्या घरी महिन्याच्या महिन्याला जाण्याची जी वाट 'फाउंडेशन'ला मिळाली होती, ती तिला मिळाली नाही. वीस-पंचवीस वर्षांनी आठवणीतून मत देणाऱ्याच्या आठवणीतच एखादी गोष्ट नसेल, तर तो तिला मत कसं देणार?

साठ हजार मतं

आता इंटरनेटच्या काळात येऊ. आपल्या फोनवर जी यादी सगळ्यात जास्त फिरते, ती 2011 मध्ये अमेरिकेच्या एनपीआर या सार्वजनिक रेडिओने केलेली. आधी श्रोत्यांनी पाच हजारांच्या आसपास सूचना पाठवल्या. तज्ज्ञांनी त्या चाळून काही शे नावं ठेवली. मग प्रत्येकाने आपली दहा निवडायची. साठ हजारांहून जास्त मतं.

पहिलं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. दुसरं 'हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी'. तिसरं 'एंडर्स गेम', चौथं 'ड्यून', पाचवं 'अ साँग ऑफ आइस अँड फायर', म्हणजे 'गेम ऑफ थ्रोन्स'वाली मालिका.

या यादीवर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न कोणता असेल? 'हॅरी पॉटर कुठे आहे?' उत्तर: नियमात. कुमारवयीन वाचकांची पुस्तकं वेगळी ठेवायची असं आयोजकांनी आधीच ठरवलं होतं. पॉटर हरला नाही, त्याला मैदानातच उतरवलं नव्हतं. दुसरा नियम, अख्खी मालिका म्हणजे एक नोंद. म्हणून पाचव्या नंबरवर अशी मालिका बसली जी लेखकाने अजून पूर्णही केलेली नाही! आणि वेळ बघा. मतदान 2011 च्या उन्हाळ्यात. त्याच एप्रिलमध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स' टीव्हीवर सुरू झालं होतं आणि जुलैमध्ये मालिकेचं पाचवं पुस्तक आलं होतं.

त्या यादीत पहिली लेखिका कितव्या नंबरवर? विसाव्या. आणि कोण? मेरी शेली. गर्न्सबॅकनी जिला पहिल्या अंकात घेतलं नव्हतं, तीच. म्हणजे 1926 ला हुकलेली बाई 2011 ला सगळ्या बायकांच्या पुढे, तरी एकोणीस नोंदींच्या मागे.

मी साठ हजार लोकांना नावं ठेवत नाहीये. त्यांनी प्रामाणिकपणे मतं दिली. पण इंग्रजी रेडिओ ऐकणाऱ्या लोकांनी आपल्याला आठवलेली दहा नावं दिली. ती यादी म्हणजे त्यांच्या आठवणींचा फोटो आहे. फोटो छानच आहे, पण तो त्यांच्या अंगणाचा आहे.

यादीसाठी मारामारी

एवढं असेल तर याद्यांना काय किंमत द्यायची, सोडून द्या, असं वाटेल. पण यादीत पैसा आहे, मान आहे, पुढच्या पिढीने काय वाचायचं ते आहे. म्हणून तर तिच्यासाठी भांडणं होतात.

2015 मध्ये ह्यूगोत असंच झालं. काही लेखकांचं आणि वाचकांचं म्हणणं होतं की पुरस्कार राजकीय झालाय, जुन्या थाटाच्या साहसकथांना कुणी विचारत नाही. त्यांनी स्वतःला नाव घेतलं 'सॅड पपीज'. त्यांच्याहून कडवा गट 'रॅबिड पपीज'. त्यांनी तयार यादी दिली आणि समर्थकांना तीच नावं पाठवायला सांगितलं. आता तो नियम आठवा, वर्गणी भरा, मत द्या. नामांकनाच्या फेरीत इतरांची मतं शेकडो पुस्तकांत विखुरलेली असतात. तिथे थोड्या लोकांनी एकगठ्ठा मतं टाकली की अख्खा विभाग काबीज होतो. तसंच झालं. मग अंतिम फेरीत बाकीचे सभासद मोठ्या संख्येने उतरले आणि पाच विभागांत 'कुणालाच पुरस्कार नाही' हा पर्याय जिंकला. पुढे 2017 पासून नामांकनं मोजायची पद्धतच बदलली.

या गोंधळात एक सुंदर गोष्ट घडली. एका लेखकाने त्या गटाच्या यादीमुळे मिळालेलं नामांकन नाकारलं. त्या रिकाम्या जागेवर एक चिनी कादंबरी आली. लिऊ त्सिशिन यांची 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम', केन लिऊ यांनी इंग्रजीत आणलेली. ती जिंकली. कादंबरीचा ह्यूगो मिळवणारं ते पहिलं भाषांतरित पुस्तक. मूळ कथा चीनमध्ये 2006 मध्येच मासिकातून आली होती. 2006 ते 2014, इंग्रजी येईपर्यंत ती 'सर्वकालीन सर्वोत्तम' याद्यांच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हती. चिनी वाचकांसाठी मात्र होती.

तुम्हाला वाटेल आता दारं उघडली. थांबा. 2023 चं वर्ल्डकॉन चीनमध्येच चंगडूला झालं. जानेवारी 2024 मध्ये मतांचे आकडे बाहेर आले आणि लोक चक्रावले. आर. एफ. क्वांग यांच्या 'बेबल' कादंबरीला पुरेशी नामांकनं होती, तरी ती 'अपात्र'. कारण दिलेलंच नाही. आणखी काहींचं तसंच. नंतर फुटलेल्या ईमेलमधून कळलं की पुरस्काराचं काम बघणाऱ्यांनी उमेदवारांच्या लिखाणात चीनबद्दल काय आहे, याची छाननी केली होती. हेच 'बेबल' त्याच वर्षी नेब्युला जिंकलं होतं. एका यादीत पहिलं, दुसरीत नावच नाही. पुस्तक तेच.

ना. वि. जगताप यांची कथा

आता आपल्याकडे येऊ. कारण हे सगळं वाचताना माझ्या डोक्यात एक मराठी माणूस होता.

1974 साल. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली. कथांमध्ये एक कथा होती 'कृष्णविवर', लेखक नारायण विनायक जगताप. तिला पहिलं बक्षीस मिळालं. नंतर कळलं की असे कुणी जगताप नाहीतच. ना. वि. ज. ही अक्षरं उलटी वाचा. ज. वि. ना. म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. जगभर नाव असलेले खगोलशास्त्रज्ञ. अहमदाबादला एका परिसंवादात कंटाळवाणं भाषण चालू असताना त्यांनी ही कथा लिहायला घेतली होती. नाव बदलून भागणार नव्हतं, कारण परिषदेतले लोक त्यांचं अक्षर ओळखायचे. म्हणून मंगलाताईंनी ती आपल्या अक्षरात उतरवून काढली.

एवढा खटाटोप कशासाठी? कथेला तिच्या स्वतःच्या बळावर नंबर मिळावा म्हणून. शेल्डनबाईंनी बाई असल्याचं झाकलं, नारळीकरांनी मोठेपण झाकलं. कारणं अगदी उलटी, पण दोघांनाही एकच गोष्ट कळली होती. मत देणारा आधी नाव वाचतो, मग गोष्ट.

नारळीकर मे 2025 मध्ये गेले. त्यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' आठवते? इतिहासाचे एक प्राध्यापक अशा जगात जाऊन पडतात जिथे 1761 ची पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकली आहे. सीबीएसईवाल्यांनी ती अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात 'द अ‍ॅडव्हेंचर' म्हणून वाचली असेल, आणि परीक्षेचा धडा म्हणून विसरलीही असेल. इतिहास वेगळा घडला असता तर काय, या कल्पनेवर इंग्रजीत ढीगभर पुस्तकं आहेत, आणि ती याद्यांमध्ये असतात. ही नसते. कारण ज्या दारातून मतं टाकणारे आत येतात, त्या दारावर मराठीतून आलेली पुस्तकं जवळपास नाहीतच. बाळ फोंडके यांनी 1993 मध्ये नॅशनल बुक ट्रस्टसाठी 'इट हॅपन्ड टुमॉरो' हा भारतीय भाषांतल्या विज्ञानकथांचा इंग्रजी संग्रह संपादित केला होता. असे प्रयत्न बोटांवर मोजण्याइतके.

म्हणून मला ती लाज खटकते. शंभरात अकरा वाचली म्हणून आपण मान खाली घालतो. पण त्या शंभर जणांच्या यादीत मत देणाऱ्या किती जणांनी 'यक्षांची देणगी' वाचलंय? नारायण धारप वाचलेत? ते लाजत नाहीत. त्यांना लाजायचं कारण आहे हेच ठाऊक नाही.

मग यादीचं करायचं काय?

फेकून देऊ नका. मी स्वतः 'ड्यून' अशाच एका यादीतून उचललं. वीसहून जास्त प्रकाशकांनी नाकारलेलं ते पुस्तक शेवटी 1965 मध्ये चिल्टन नावाच्या प्रकाशनाने छापलं, जे गाड्या दुरुस्तीच्या पुस्तकांसाठी प्रसिद्ध होतं. पुढे 'लोकस' मासिकाच्या वाचकांनी 1975 पासून पुन्हा पुन्हा त्याला विज्ञानकादंबऱ्यांत पहिला नंबर दिला. वीस तज्ज्ञ चुकले आणि वाचक बरोबर निघाले, असंही होतं. वेगवेगळ्या काळातली वेगवेगळी माणसं एकाच पुस्तकाकडे परत परत येत असतील, तर ते उघडून बघायला हरकत नाही.

फक्त पुढच्या वेळी यादी आली की नंबर बघायच्या आधी तिला चार प्रश्न विचारा. मतं कुणी दिली? कोणत्या वर्षी? नियमाने आधीच कुणाला बाहेर ठेवलं? आणि किती भाषांतली पुस्तकं मत देणाऱ्यांना वाचता येत होती? दोन मिनिटांचं काम आहे. चारही उत्तरं मिळाली की यादी खोटी ठरत नाही, तिला तिचा पत्ता मिळतो. गर्न्सबॅकच्या मासिकातल्या पत्रांसारखा. कुठल्या गावातून, कुणी लिहिलं, ते कळतं. मग तिला उत्तर पाठवता येतं.

उत्तर म्हणजे तुमची यादी. शंभरांची नको, दहा पुरेत. त्यात वाचनालयातून आणलेलं असू दे, आजोबांच्या कपाटातलं असू दे, फोनवर ऐकलेलं असू दे. एक अट मात्र पाळा. प्रत्येक नावापुढे लिहा की ते पुस्तक तुमच्या हातात कधी आणि कुणामुळे आलं. मला वाटतं, अर्ध्याहून जास्त नावांपुढे एखाद्या माणसाचं नाव येईल. मावशी, मित्र, वाचनालयातले काका. तेच तुमचे मतदार.

माझ्या यादीत पहिलं कोणतं, ते आज सांगत नाही. तुमच्या दहा पाठवा, मग सांगतो. भेटू पुढच्या भागात.